पाटे काढून बलून बसवून घेताय? आधी हे वाचा

पिकअपचे मागचे पाटे (वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) काढून त्यांच्या जागी एअर बलून (हवा भरलेल्या रबरी स्प्रिंग) बसवून देणारे सध्या जागोजागी भेटतात. माझी गाडी पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन वाशी मार्केटला जाते. "शेठ, माल हलणार नाही, रिकामी गाडी आदळणार नाही, कागदांचं मी बघतो," असं सांगून एका गॅरेजवाल्याने ८०,००० रुपये घेतले.

नवे म्हणून बसवलेले बलून भंगारातल्या बसचे होते. रबरावरची तारीख आणि नंबर घासून वर काळा रंग मारलेला. टॉर्च मारून घडी फाकवली तेव्हा आतल्या चिरा दिसल्या. पण हे निदान पैशांवर निभावलं असतं. जिवावर बेतणारं काम त्याच्याही खाली होतं.

पाटा नुसतं वजन पेलत नाही. हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा एक्सल) मागेपुढे किंवा आडवं सरकू न देणं, ब्रेक मारल्यावर पिळू न देणं, हेही तोच करतो. बलून फक्त वजन उचलतो. म्हणून पाटे काढले की हाउसिंगला चासीशी धरून ठेवणारे बुशवाले (सांध्यात रबर असलेले) आर्म आणि आडवा रॉड लागतोच. याने दोन्ही बाजूंना साध्या पाइपाचे तुकडे वेल्ड केले, आडवा रॉड घातलाच नाही! पसरणी घाटात भरल्या गाडीचं मागचं अंग वळणावर बाहेर सरकलं आणि टायर बलूनला घासला. वाईत खाली शिरून पाहिलं, तर एका पाइपाचं वेल्डिंग अर्धं उकललेलं.

ब्रेकचं तर कुणी बोलतच नाही. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह दांडीने हाउसिंगला जोडलेला आहे. पाटे दबले की त्याला वजन कळतं. बलूनवर उंची तेवढीच राहते, त्यामुळे माल भरलेला असूनही मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकेच लागतात. या माणसाने ती दांडी चक्क तारेने बांधून ठेवली होती.

कागद तर मिळालेच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला नामानिराळा, अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडायचं तुम्हीच.

कुणी गळ घातलीच, तर आधी आरटीओची मंजुरी लेखी मागा, पक्कं बिल मागा, आर्म कुठे बसणार ते गाडीखाली जाऊन दाखवायला लावा. आणि काढलेले पाटे, ते गाडीला जोडणारे यू-बोल्ट, शॅकल घरी आणा. माझे त्याने परस्पर विकले, नवा सेट मलाच घ्यावा लागला.