केस गळतायत की विरळ होतायत?

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके येऊ लागले की दोष शाम्पूला दिला जातो. खरं तर त्या ताणाने वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत गेलेले असतात. ही विश्रांती सुमारे ३ महिन्यांची, म्हणून गळती उशिरा. गळलेला केस उजेडात धरा: जाड, पूर्ण लांबीचा, मुळाशी पांढरा ठिपका. केस जिथून उगवतो तो रोमकूप शाबूत असतो, त्यामुळे गळती बहुधा ६ महिन्यांत आपोआप थांबते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या, कमतरता असली तर भरून काढा. महागडी तेलं नकोत.

आनुवंशिक टकलाची चाल वेगळी. पुंजके नाहीत, डीएचटी या संप्रेरकामुळे केस प्रत्येक फेरीत आणखी बारीक, आखूड उगवतो. पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, बायकांचा भांग रुंदावतो. इथे वाट पाहणं महागात पडतं. पुरुषांना साधारणपणे ५ टक्के मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध देतात: १ मिली, दिवसातून दोनदा, केसांना नव्हे, कोरड्या टाळूला. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढू शकते आणि नेमकं तेव्हाच बरेच जण बाटली बाजूला ठेवतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात. औषध थांबवलं की कमावलेलं हळूहळू जातं.