ट्यूब हेड, ड्रॉप सी आणि गोव्याचा पावसाळा: आठ महिन्यांनंतर

सेटअप असा: इलेक्ट्रिक गिटारसाठी पिव्ही ६५०५ एमएच हा ट्यूबांवर चालणारा हेड (म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प), बंद पाठीचा दोन बारा इंची स्पीकरांचा कॅब (स्पीकरची पेटी), त्यात सेलेस्टियन व्हिन्टेज ३०. ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे सगळ्यात जाड तार खाली सी सुरापर्यंत उतरवलेली. वापर आठ महिने, त्यात अख्खा पावसाळा आला. जागा बार्देशातलं चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू घर. चिरे आवाज अडवतात, कौलं नाही.

१९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनसाठी निघालेल्या ५१५० चाच हा धाकटा वंशज. मूळ हेड १२० वॉटचा, चार ६एल६ ट्यूबांचा. हा २० वॉटचा, पॉवरला दोन ईएल८४. सहापट वॉट म्हणजे सहापट मोठा आवाज, असं अजिबात नाही; फरक जेमतेम ८ डेसिबलचा पडतो. ड्रमरबरोबर २० वॉट पुरतात. कमी पडतो तो खर्जाचा घट्टपणा: फुल्ल आवाजावर ईएल८४ लवकर दबतात आणि ड्रॉप सीचे रिफ (पुन्हापुन्हा वाजणारे छोटे तुकडे) मऊ होतात. म्हणून बास ४ च्या वर नेऊ नये.

उलट टोकाला, हेड १ वॉटवर उतरवायची सोय पाहून फ्लॅटसाठी घेणाऱ्यांनी सावध राहावं. या स्पीकरची संवेदनशीलता १ वॉटला १ मीटरवर १०० डेसिबल आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. चवथीला घुमट-शामेळ ही गोव्याची तालवाद्यं वाजताना कुणी मीटर काढत नाही, पण पाम म्यूटला (तळवा टेकवून तारा दाबत वाजवण्याला) ती सवलत मिळायची नाही. रात्री दहानंतर हेडफोनच.

गेनबद्दल (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) सगळ्यांची एकच चूक होते: ८-९ वर ठेवायचा. एकट्याने वाजवताना छान वाटतं, बँडमध्ये नुसती माशांची भुणभुण. लीड चॅनलवर गेन ४ ते ५, मिड ६, ट्रेबल ५ पुरे. पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर. तो अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधीच खर्ज छाटतो, म्हणून जलद रिफचा सूर सुटा राहतो. हेड बदलण्याआधी हे करून पाहा.

नॉइज गेट (वाजवत नसताना सळसळ बंद करणारा पेडल) हवाच. बॉस एनएस-२ चार केबलांनी असा जोडावा: गिटार गेटच्या इनपुटला, गेटचा सेंड ओव्हरड्राइव्हमधून अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पच्या लूपचा (सिग्नल मध्येच बाहेर काढून परत आत घेणारी जोडणी) सेंड गेटच्या रिटर्नला, गेटचा आउटपुट लूपच्या रिटर्नला. थ्रेशोल्ड (गेट कुठल्या पातळीखाली बंद व्हावा ते) सळसळ थांबेल इतकाच, नाहीतर सुरांची शेपटी कापली जाते.

आता खरी परीक्षा: दमट, खारी हवा. आवाज अचानक अर्धा झाला की लोक थेट ट्यूब बदलायला धावतात. आधी लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये एक साधी केबल जोडा. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या गंजलेल्या संपर्काचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पॉट (फिरवायच्या बटणांमागचे भाग) खरखरत असतील तर तोच उपाय, पण उघडायचं काम जाणकाराचं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत जीवघेणा व्होल्टेज उरतो. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालू ठेवला तर आतली ओल उडते. वर प्लास्टिक नको, सुती चादर बरी. प्लास्टिकखाली बुरशी धरते.

वीज ही दुसरी कटकट. व्होल्टेज घसरला की ट्यूबांचे हीटर थंड पडतात, सूर निस्तेज होतो. ५०० व्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाजवायला बसू नका, त्याची गुणगुण कुठलाच गेट लपवत नाही. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने मोजावं. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुणगुण थांबते म्हणून अर्थची पिन काढून टाकणं हा वेडेपणा.

ईएल८४ च्या आतली प्लेट लालभडक दिसली की त्या क्षणी बंद करा, आणि बदलताना जुळवलेली जोडीच घ्या. एखादा सूर आपोआप किणकिणत राहिला, तर चालू अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबांवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारत जा. स्पीकरमधून जी घंटेसारखी वाजेल तीच बदला. हेड कॅबवर ठेवल्याने हा त्रास वाढतो. बाजूच्या स्टुलावर ठेवला तरी पुरतं.