क्रॅश कुशन गाडी (टीएमए): समृद्धीवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

समृद्धी महामार्गाच्या विदर्भातल्या एका टप्प्यावर देखभालीचं काम करणाऱ्या टोळीचा मी सुपरवायझर आहे. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणं, गवत कापणं, काँक्रीटच्या सांध्यांत सीलंट भरणं, ठोकर बसलेलं बॅरियर बदलणं, फुटलेल्या टायरचे तुकडे उचलणं, अशी आमची कामं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे मागे कुशन बसवलेला ट्रक आला (टीएमए म्हणजे ट्रक-माउंटेड अटेन्युएटर, मागून बसणारी धडक झेलणारं कुशन). आता पावसाळाही सरला. अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी आणि तिच्या आडोशाला काम करणाऱ्या माणसांसाठी सविस्तर लिहितोय.

आधी मत सांगून टाकतो. गाडी घ्याच. पण ती घेतली म्हणजे माणसं सुरक्षित झाली असं समजू नका. या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तिच्या मागे नाही, पुढे आहे. ट्रक आणि कामगार यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडायची असते, ती. कुशन कंपनीकडून येतं. ती जागा मात्र रोज, प्रत्येक पाळीला, आपल्यालाच राखावी लागते, आणि आमची खरी मेहनत तिथेच झाली.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साधा ट्रक, त्याच्या मागे हायड्रॉलिकवर खाली-वर होणारी ॲल्युमिनियमची लांबलचक पेटी. कामाच्या वेळी ती आडवी पसरते, एरवी उभी दुमडलेली असते. मागून कुणी आदळलं की पेटीतले कार्ट्रिज, म्हणजे चेपण्यासाठीच बनवलेले बदलता येणारे भाग, एकामागून एक चेपत जातात आणि धडकेचा जोर त्या चेपण्यात खर्च होतो. शिवाय वर बाणाचा मोठा एलईडी बोर्ड. कामगारांच्या मागे ही गाडी उभी करायची किंवा त्यांच्या चालीने हळूहळू न्यायची.

आमचं कुशन अमेरिकेच्या मॅश या धडक-चाचणीत टीएल-३ (तिसरी पातळी) पास झालेलं आहे. म्हणजे ११०० किलोची छोटी कार आणि २२७० किलोची पिकअप ताशी १०० किलोमीटरने आदळवून ते तपासलेलं आहे. हे आकडे नीट लक्षात ठेवा, कारण समृद्धीवर कारची वेगमर्यादाच १२० आहे. वेग १०० वरून १२० झाला की धडकेची ऊर्जा २० टक्क्यांनी वाढत नाही, ४४ टक्क्यांनी वाढते. ट्रकचं तर विचारूच नका. ४० टनांचा ट्रक ८० च्या वेगाने आला तर त्याची ऊर्जा चाचणीतल्या पिकअपच्या अकरा पट भरते. ब्रेकचा हिशोब बाजूला ठेवला तर असा ट्रक आणि आपला १० टनांचा ट्रक धडकेनंतर मिळून ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे निघतील. समोर माणसं असतील तर कुशन असूनही काही उपयोग नाही. विकायला येणारा माणूस हे आपणहून सांगत नाही. तुम्ही विचारा.

म्हणून कुशन ही शेवटची फळी समजायची. तिच्या आधी दूरवरचे फलक, कोनची तिरकी रांग, बाणाचा बोर्ड, हे सगळं हवंच. आयआरसी:एसपी:५५ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या कामांच्या ठिकाणी वाहतूक कशी सांभाळायची त्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत, कामाच्या जागेचे टप्पे पाडून दिलेत: आधी सूचना, मग लेन बदलायची जागा, मग काम, मग पुन्हा मोकळा रस्ता. गाडी आली म्हणून यातलं काहीही कमी करू नका. आमच्याकडे सुरुवातीला वरून सूचना आली होती की आता कोन कमी लावले तरी चालतील. मी ती मानली नाही.

आता त्या मोकळ्या जागेबद्दल. मागून धडक बसली की आपला ट्रक पुढे सरकतो, ब्रेक लावलेला असला तरी. किती सरकेल ते ट्रकचं वजन, येणाऱ्या गाडीचं वजन, तिचा वेग आणि रस्ता ओला आहे की कोरडा यावर ठरतं. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. उभ्याने काम असेल तर आम्ही पन्नास मीटर धरतो, चालतं काम असेल तर त्याहून जास्त. या पट्ट्यात माणूस नको, मशीन नको, सीलंटचा डबा नको, पाण्याचा जारही नको. अंतर कमी ठेवलं तर आपलाच ट्रक माणसांवर जातो. फार जास्त ठेवलं तर कारवाले बाणाला वळसा घालून पुन्हा त्याच लेनमध्ये घुसतात, ट्रक आणि कामगारांच्या मधोमध. दोन्ही प्रकार आम्ही पाहिलेत, त्यामुळे चढाच्या माथ्याजवळ किंवा वळणावर काम असेल तर हे अंतर कागदावर ठरवून चालत नाही, जागेवर उभं राहून ठरवावं लागतं. माथ्यापलीकडे काम असेल तर ट्रक माथ्याच्या अलीकडेच दिसला पाहिजे. अशा वेळी मधल्या जागेत कोन जवळजवळ लावून लेन पूर्ण बंद करतो.

पण खरी अडचण गणिताची नव्हती, उन्हाची होती. विदर्भातला मे महिना, पांढरं काँक्रीट, नजर जाईल तिथवर एक झाड नाही. दुभाजकातली रोपं गुडघ्याएवढी. अशा ठिकाणी सावली एकच, आपल्या ट्रकची. सकाळी दहाच्या सुमाराला ती ट्रकच्या पुढे आणि कडेला पडली की दोन बाया डबा घेऊन तिथे टेकतात, पाण्याचा जार तिथेच येतो, गवत कापायच्या मशीनमध्ये पेट्रोल भरायला पोरगंही तिथेच बसतं. म्हणजे ज्या जागेत कुणीही असता कामा नये, तीच जागा सगळ्या टोळीची बसायची जागा होते. टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, कितीही सांगा. एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, तिकडं उन्हात बसलो तं दुपारी तुम्हालेच उचलून न्या लागन." त्यांचं बरोबर होतं.

यावर उपाय म्हणून आम्ही सावलीच हलवली. टोळीच्या पिकअपला बाजूला उघडणारी ताडपत्री बसवली, पाणी आणि डबे त्याच गाडीत. ती गाडी कामाच्याही पुढे, शोल्डरवर (लेनच्या कडेच्या पट्टीवर), बॅरियरला चिकटून उभी करतो, आणि बसायचं ते बॅरियरच्या पलीकडे. शिवाय ट्रकपासून मोजून जिथे मोकळी जागा संपते तिथे लाल पट्टीचे दोन कोन आडवे ठेवतो. त्या कोनांच्या मागे कुणी गेलं की शिट्टी. शिट्टी वाजवायला एक माणूस वेगळा, त्याला दुसरं काम नाही. एक माणूस असा रिकामा ठेवणं कंत्राटदाराला जड जातं, मला ठाऊक आहे, पण या गाडीसोबत तो माणूस धरलाच पाहिजे.

ड्रायव्हरचंही तसंच. ट्रक उभा करून काम चालू असेल तर ड्रायव्हरने केबिनमध्ये बसायचं नाही. हँडब्रेक, गिअर, चाकं कामगारांच्या दिशेला वळलेली नाहीत ना ते पाहायचं, आणि उतरून बॅरियरपलीकडे जायचं. केबिनमध्ये एसी आहे, बाहेर ऊन आहे, त्यामुळे हा नियम पाळून घेणं फार अवघड जातं. चालत्या कामात मात्र तो आत असतो. तेव्हा पट्टा बांधलेला आणि डोकं टेकायची उशी डोक्याच्या मधोमध येईल इतकी वर हवी. मागून धडक बसल्यावर मानेला झटका बसतो तो तिच्यावरच झेलला जातो. सीटमागे जॅक, पाना, पाण्याचा कॅन असं काहीही सुटं नको. आमच्याकडे पाळी सुरू होताना केबिन रिकामी केल्याशिवाय चावी देत नाही.

आमच्या गाडीला एकदा खरी धडक बसली. पावसाळ्यात पहाटे टायरचे तुकडे आणि सांडलेली माती उचलायचं काम चालू होतं, दुभाजकालगतच्या लेनमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये. टोळी पुढे, मागे आमचा ट्रक पायी चालीने. मागून एक पिकअप आली. ब्रेकचा आवाज अजिबात आला नाही, ड्रायव्हरचा डोळा लागला होता. आदळल्यावर आमचा ट्रक सात-आठ मीटर पुढे गेला आणि थांबला. पेटीची मागची बाजू चुरगळून आत गेली होती, एका कोपऱ्यात जास्त, कारण धडक मधोमध बसली नव्हती. पिकअपचं बोनेट उचकटलेलं, पण केबिन जागच्या जागी. त्याने पट्टा लावलेला होता. गुडघ्याला आणि कपाळाला लागलं, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत तो शुद्धीवर होता, बोलत होता. आमच्या ड्रायव्हरची मान दोन-तीन दिवस आखडली. पुढे टोळीतल्या कुणाला साधं खरचटलंही नाही. कुशन नसतं तर तो पोरगा एका कडक ट्रकच्या मागच्या भागाखाली गेला असता. समृद्धीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनी बस ट्रकवर मागून आदळून १२ माणसं गेली. मागून बसणारी धडक काय करते ते या रस्त्यावर काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

धडकेनंतर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा. सगळ्यांचा पहिला ओढा मागे धावत जाऊन बघायचा असतो. तेव्हाच दुसरी गाडी येण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो, कारण कुशन संपलेलं असतं आणि बाणाच्या बोर्डाची वायर तुटलेली असू शकते. आमची तुटली होती. आम्ही ठरवलंय: शिट्टीवाला टोळीला बॅरियरपलीकडे नेतो, एक माणूस बॅरियरच्या बाहेरून मागे चालत जाऊन झेंडा किंवा दिवा दाखवतो, आणि जखमीकडे दोघंच जातात.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी. ट्रकला ठरलेलं किमान वजन लागतं. ते भरायला टाकलेले काँक्रीटचे ठोकळे बोल्टने जखडलेले हवेत, नाहीतर धडकेत तेच पुढे येतील. पेटी उघडल्यावर जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर आणि समपातळीत हवी. ती मागून झुकलेली दिसली तर सिलिंडर किंवा पिन बघा. उघडणं-मिटणं चालत्या लेनमध्ये कधीच नाही. आम्ही ते शोल्डरवर करतो आणि मग लेनमध्ये येतो. पेटी पसरलेली असताना रिव्हर्स घेत नाही. मिटल्यावर गाडीची उंची वाढते, ते केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. काम संपलं की बाण बंद करा. रिकामा रस्ता असताना बाण लुकलुकत फिरवला की लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो. रात्री बाणाचा उजेड कमी करायची सोय आहे, ती वापरा, कारण पूर्ण उजेडात मागच्याचे डोळे दिपतात आणि त्याला ट्रकच दिसत नाही.

मागच्या लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्या रोज धुवाव्या लागतात. काळ्या मातीचा चिखल बसला की रात्री त्या चमकत नाहीत. बिजागरीजवळच्या वेल्डिंगवर काँक्रीटच्या सांध्यांचे धक्के सतत बसतात, तिथे तडा आहे का ते आठवड्याला टॉर्च घेऊन बघतो. आणि पेटीला पोचा आला तर गावातल्या वेल्डरकडून ठोकून सरळ करून घेऊ नका. ती चेपण्यासाठीच बनवलेली असते आणि ठराविक पद्धतीने चेपते. ठोकलेली, वेल्ड मारलेली पेटी कशी वागेल ते कुणीच सांगू शकत नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे. धडकेनंतर नवे कार्ट्रिज यायला पुरवठादाराने बरेच आठवडे लावले. माल परदेशातून येतो, कागदपत्रं अडली, फोनला उत्तर नाही. तेवढा काळ गाडी यार्डात उभी. त्या दिवसांत वेगाच्या लेनमधलं चालतं काम मी बंद ठेवलं आणि फक्त शोल्डरवरची, बॅरियरपलीकडची कामं घेतली. झाडांना पाणी कमी पडलं, त्यावरून पत्रव्यवहार झाला. तरी कुशनशिवाय टँकर त्या लेनमध्ये घालायला मी तयार नव्हतो, आजही नाही.

आणखी एक. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे, म्हणून इथे हे कुशन शोभतं. साध्या महामार्गावर नेणार असाल तर मोटारसायकलवाल्याला याचा काही आधार नाही हे धरून चाला, आणि तिथे कोन आणि वेग कमी करायची व्यवस्था जास्त ठेवा.

दुसऱ्या गाडीची मागणी आता आम्ही पाठवली आहे. या वेळी तिच्यासोबत कार्ट्रिजचा एक पूर्ण जास्तीचा संच, बाणाच्या बोर्डाची सुटी वायरिंग आणि ताडपत्रीची पिकअप हे तिन्ही एकाच अंदाजपत्रकात घातलेत. पिकअपची ओळ कापली जाईल अशी चिन्हं आहेत, म्हणून तिच्यासोबत मे महिन्यातले ट्रकच्या सावलीत बसलेल्या बायांचे फोटो, अंतर लिहून, जोडले आहेत.