मूळ गेम खेळायचा की त्याचा वारसदार?

गेमचा एखादा प्रकार नव्याने खेळायला घेताना बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा गेम कोणता? आणि मी सुरुवात कशापासून करू? दोन्हींचं उत्तर एकच असणार असं धरून चालतात, आणि तिथेच फसतात. मोठ्या नावाचा जुना गेम आणला जातो, अर्ध्या तासात बोटं वैतागतात, आणि हा प्रकारच आपल्यासाठी नाही अशी समजूत करून घेतली जाते. चांगली समज असलेली माणसं केवळ चुकीच्या सुरुवातीमुळे एखाद्या प्रकाराला कायमची मुकलेली मी पाहिली आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून इथे प्रकार घडवणारा गेम आणि त्याच नियमावर उभा राहिलेला नंतरचा गेम शेजारी ठेवून बघतोय. माझी कसोटी एकच: कोणता नियम काढला तर सगळा खेळ कोसळेल? तो नियम जिथे सगळ्यात उघडा दिसतो, तो गेम त्या प्रकाराची व्याख्या. पहिला कोण, हा वाद मला फार महत्त्वाचा वाटत नाही. पहिला गेम बऱ्याचदा चाचपडत असतो, घडी बसते ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी.

दोन्ही प्रश्नांना बिनशर्त एकच उत्तर चालेल असा गेम मला एकच सापडतो: टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर लिहिला. त्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, त्यामुळे तुकडे कंसाच्या चिन्हांनी दाखवले जात. चार चौकोनांचे सात आकार, भरली की नाहीशी होणारी ओळ, आणि हळूहळू वाढणारा वेग. यातलं काही काढता येत नाही, आणि नंतर कुणी जे जोडलं त्यावाचून अडतही नाही. कोणतीही आवृत्ती घ्या.

उड्यांचा खेळ: सुपर मारिओ ब्रदर्स की सेलेस्ट?

मारिओची उडी १९८१ च्या डाँकी काँगमध्येच होती, पण प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा खेळ, कसा असतो ते १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सने ठरवलं. त्याचा पहिला पडदा मी आजही कुणालाही समोर बसवून दाखवतो. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळलं. मग चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा, आणि समोरून चालत येणारा एक तपकिरी गूम्बा. उडी मारली नाही तर मेलात, आणि मेलात तरी फक्त काही सेकंदांचं नुकसान. पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला धडकून तुमच्याच दिशेने परत येतं. घाबरून त्याच्यावरून उडी मारायला जावं तर डोक्यावरच्या विटा आड येतात आणि ते अंगावर आदळतंच. मारिओ मोठा होतो. ही वस्तू चांगली आहे हे एकही शब्द न लिहिता शिकवून झालं.

माझ्या भाचीने पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला तेव्हा ती त्या गूम्बाला तीनदा धडकली. चौथ्यांदा तिने उडी मारली ती चुकून त्याच्या डोक्यावर पडली, तो चपटा झाला, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोवर तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

याचा गाभा म्हणजे उडीवरचा ताबा: बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच, आणि धावण्याचा जोर उडीत उतरतो. २०१८ च्या सेलेस्टने हाच ताबा धारदार केला. उडी, हवेतला एक झपाटा आणि भिंत धरणं, एवढ्यावर सगळा डोंगर चढायचा. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणाचा काही अंश उडी मारता येते, म्हणून चूक झाली तर ती आपलीच वाटते, गेमची नाही. मेलात की त्याच पडद्यावर लगेच परत. मारिओत मात्र तीन जीव संपले की बरंच मागे जावं लागतं, आणि आजच्या खेळाडूला तेच टोचतं.

निवड करायचीच तर सुरुवात मारिओने करा, निदान पहिल्या दोन जगांपुरती. पुढची सहा जगं पुरी केलीच पाहिजेत असं नाही. सेलेस्ट शेवटपर्यंत खेळा. अवघड वाटला तर त्यात वेग कमी करण्याची सोय आहे, ती वापरताना लाजू नका.

बंदूक आणि डोळे: डूम की हाफ-लाइफ?

शूटर, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायचा खेळ. इथे माझं मत ठाम आहे: डूम. १० डिसेंबर १९९३ ला आयडी सॉफ्टवेअरने तो बाहेर काढला, पहिला नऊ लेव्हलचा भाग फुकट वाटला, आणि पुढची काही वर्षं असल्या प्रत्येक गेमला लोक सरळ ‘डूमची नक्कल’ म्हणत होते. त्याच कंपनीच्या १९९२ च्या वोल्फेनस्टाइन थ्रीडीमध्ये भिंती काटकोनात, जमीन सपाट आणि उजेड सगळीकडे सारखा. डूममध्ये जिने आले, उंच कठडे आले, अंधारात लुकलुकणारे दिवे आले.

पण लोक डूमला रक्तपाताचा गेम म्हणून विसरून जातात ते चूक आहे. त्यात बंदूक पुन्हा भरायचं बटण नाही. आडोशाला दबून बसलं की जखमा आपोआप भरत नाहीत, औषधाची पेटी शोधावीच लागते. वर-खाली नेमही धरावा लागत नाही, ते गेम सांभाळतो. मग उरतं काय? पाय. इम्प नावाच्या राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा डोळ्यांना दिसतो आणि बाजूला सरकून चुकवता येतो. खोलीत पाच जण असले तर पहिला प्रश्न ‘कुणाला मारू’ हा नसतो, ‘कुठे उभा राहू’ हा असतो. हालचाल हाच बचाव, हा त्या खेळाचा कणा आहे, आणि आजच्या कित्येक शूटरमध्ये तो हरवला आहे.

१९९८ चा हाफ-लाइफ वेगळ्या कारणासाठी मोठा आहे. सुरुवातीलाच तुम्ही एका ट्रामच्या डब्यात बसून प्रयोगशाळेत उतरता, आणि तिथून शेवटपर्यंत कॅमेरा नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांतून हलत नाही. गोष्ट सांगण्यासाठी खेळ थांबवून चित्रपट दाखवत नाहीत. गोष्टीची ओढ असेल तर हा निवडा. शूटर म्हणजे काय हे हाताला कळायला हवं असेल तर डूमचा पहिला भाग पुरेसा आहे, आणि आजच्या संगणकांवरच्या नव्या आवृत्त्यांत तो अगदी सहज चालतो.

जिथे फार अडायला नको

मारामारीच्या खेळात १९९१ चा स्ट्रीट फायटर टू. निवडायला आठ लढवय्ये, सहा बटणं, आणि सलग वारांची साखळी, जी मुळात ठरवलेलीच नव्हती, घडवताना चुकून निघाली आणि ठेवून दिली. या प्रकारात जुना की नवा यापेक्षा समोर कोण बसलंय ते मोलाचं आहे. ज्या मित्राकडे जो गेम असेल तो घ्या.

सैन्य हलवण्याच्या खेळात १९९२ च्या ड्यून टू ने साचा घालून दिला: माल गोळा करा, तळ बांधा, फौज काढा. पण त्यात एका वेळी एकच तुकडी निवडता येते, आणि आज ते सोसवत नाही. एज ऑफ एम्पायर्स टू घ्या. तो १९९९ चा असला तरी २०१९ ची सुधारलेली आवृत्ती अजून जोमात खेळली जाते. स्पर्धेची खुमखुमी असेल तर स्टारक्राफ्ट. त्यातल्या तीन जमाती एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की तीन गेम शिकल्यासारखं होतं.

शहर वसवायचं असेल तर १९८९ चा सिमसिटी फक्त कुतूहलापोटी उघडून बघा. जिंकणं-हरणं नसलेला खेळही खेळ असतो हे त्याने दाखवून दिलं. प्रत्यक्ष रमण्यासाठी २०१५ चा सिटीज: स्कायलाइन्स.

आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम, यांबद्दल मी जोडी लावत नाही. ड्रॅगन क्वेस्ट आणि बाल्डर्स गेट थ्री एकाच नावाखाली येतात, पण दोघांत एकच गाभा शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

एकदाच मरायचं: रोग, स्पेलंकी, स्ले द स्पायर, हेडीस

१९८० च्या रोग (Rogue) या गेमने आपलं नाव सगळ्या प्रकाराला दिलं: रोगलाइक. पडद्यावर चित्र नाही, अक्षरं आहेत. ड्रॅगन म्हणजे फक्त ‘डी’. प्रत्येक वेळी तळघर नवं, औषधांचे रंग नवे. मागच्या डावात निळ्या बाटलीने जखमा भरल्या म्हणून याही डावात भरतील असं नाही. आणि मेलात की सगळं गेलं. पुढच्या डावात बरोबर येतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. माझ्या लेखी हाच या प्रकाराचा प्राण.

तो प्राण स्पेलंकीत सगळ्यात स्वच्छ दिसतो. भिंतीतला बाणाचा सापळा समोरून जे जाईल त्याच्यावर बाण सोडतो. नवखा खेळाडू बाण खातो. जाणता खेळाडू आधी एक दगड फेकतो, बाण वाया घालवतो आणि निवांत पुढे जातो. दोघांची ताकद तितकीच, शस्त्रं तीच. फरक फक्त डोक्यात आहे.

ज्यांना बोटांच्या चपळाईचा कंटाळा आहे त्यांनी २०१९ चा स्ले द स्पायर घ्यावा. पत्त्यांचा डाव आहे, आणि शत्रू पुढच्या चालीला काय करणार ते आधीच दाखवतो, त्यामुळे बेसावध सापडलो अशी तक्रार करायला जागा उरत नाही. २०२० चा हेडीस या सगळ्यांत देखणा, आणि प्रत्येक मरणानंतर गोष्ट पुढे सरकते. पण त्यात मेल्यावर घरी येऊन कायमची ताकद वाढवता येते. तो मला अतिशय आवडतो, तरी व्याख्या म्हणून मी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही, कारण विसाव्या डावात तुम्ही जिंकता ते किती शिकलात म्हणून आणि किती बळकट झालात म्हणून, हे सांगता येत नाही. हरण्याने खचणाऱ्याने मात्र बेलाशक हेडीसपासूनच सुरुवात करावी.

डार्क सोल्स की एल्डन रिंग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. दोन्ही फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचे, दोन्हींमागे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. साचा २००९ च्या डीमन्स सोल्सचा, पण त्याला पूर्ण रूप आलं २०११ च्या डार्क सोल्समध्ये. शेकोटीपाशी बसलात की जखमा भरतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही परत उठतात. मेलात की जमवलेले आत्मे (तिथलं चलन) तिथेच पडतात आणि ते उचलायची एकच संधी मिळते. म्हणजे प्रत्येक पावलाला किंमत आहे.

२०२२ च्या एल्डन रिंगमध्ये हे सगळं आहे, शिवाय घोडा आहे आणि मोकळं रान आहे. एखादा शत्रू हटत नसेल तर दुसरीकडे जा, बळ वाढवून परत या. नव्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे, आणि ज्याच्या हातात असा गेम कधीच आलेला नाही त्याला मी हाच देतो.

पण त्या दिलाशाबरोबर एक गोष्ट जाते. डार्क सोल्सच्या पहिल्या अर्ध्या भागात एका जागेवरून दुसरीकडे झटक्यात पोहोचायची सोय नाही. चालावंच लागतं. मी तटबंदी, पूल, गल्ल्या ओलांडत, औषध संपत आलेलं, शेवटी एका चर्चपाशी आलो. बाजूला एक लिफ्ट होती. खाली काय असेल या धास्तीने ढाल पुढे धरून उतरलो, दार ओलांडलं, आणि ओळखीचं शांत संगीत ऐकू आलं. कित्येक तासांपूर्वी जिथून निघालो होतो तीच फायरलिंकची शेकोटी समोर जळत होती. सगळा नकाशा त्या क्षणी डोक्यात घडी घालून बसला. नकाशा उघडून बघता येणाऱ्या एल्डन रिंगमध्ये सुंदर जागा पुष्कळ आहेत, पण हा अनुभव तिथे मला आला नाही.

तेव्हा वेळ आणि चिकाटी असेल तर डार्क सोल्स आधी घ्या. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. फायरलिंकहून निघताना कबरस्तानाकडे वळलात आणि तिथल्या हाडांच्या सापळ्यांनी दोन-तीन वारांत आडवं केलं, तर गेम बंद करू नका. ती वाट नंतरची आहे. मागे फिरा आणि कड्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या शोधा.