यूएसबी मायक्रोस्कोप: जुन्या रायफलींवरचे ठसे वाचत काढलेले आठ महिने

घरी सांगितलं, यूएसबी मायक्रोस्कोप नाणी बघायला घेतोय. खरं कारण वेगळं होतं. एका जुन्या शस्त्रसंग्रहाची नोंदवही करायचं काम अंगावर घेतलं होतं. साठेक लष्करी रायफली, बहुतेक दोन महायुद्धांच्या काळातल्या, सैन्यांनी मोडीत काढून विकलेल्या. सगळ्या निकामी केलेल्या, तरी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे हे बघितल्याशिवाय एकीलाही हात घातलेला नाही.

यंत्र म्हणजे जाडसर मार्कर पेनाएवढी नळी. पुढे भिंग, त्याभोवती आठ एलईडींचं कडं, उजेड कमी-जास्त करायचं चाक, मागून लॅपटॉपला जाणारी वायर आणि सोबत एक लटपटता स्टँड. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० पट’. ते विसरा. ठसे, म्हणजे धातूत उमटवलेले नंबर आणि खुणा, वाचायला २०-३० पट भरपूर होतं. त्याच्या वर गेलात की अक्षर हरवतं आणि नुसते गंजाचे डोंगर दिसतात.

पहिल्याच आठवड्यात परत करणार होतो. जे ठसे डोळ्यांना अंधूक दिसत होते ते पडद्यावर अजिबात दिसेनात. दोष त्या एलईडींचा. पोलादावर चहूबाजूंनी सारखा उजेड पडला की खोलगट भागात सावलीच उरत नाही, आणि वर आठ पांढरे ठिपके चमकत राहतात. शेवटी वैतागून चाक फिरवून एलईडी बंद केले आणि साधी टॉर्च रायफलीच्या शेजारी टेबलावर जवळजवळ आडवी ठेवली. त्या क्षणापासून यंत्र कामाचं झालं.

जपानी टाइप ९९ वर हे नीट कळलं. या रायफलींच्या चेंबरच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असे, सम्राटाची निशाणी. १९४५च्या शरणागतीच्या सुमाराला असंख्य रायफलींवरचं ते फूल घासून काढलं गेलं. आमच्या नगावर नुसते कानशीचे ओरखडे होते. टॉर्च हळूहळू फिरवत गेलो, आणि एका ठरावीक कोनावर पाच पाकळ्यांची टोकं उभी राहिली. बोटभर पुढे सरकवली की गायब. फोटो काढेपर्यंत श्वास रोखून बसलो होतो.

यंत्राचा खरा उपयोग मात्र अक्षर वाचायला नाही, ते अक्षर कसं उमटलंय हे बघायला झाला. पंच ठोकून उमटवलेल्या अंकाच्या कडेला धातू किंचित वर सरकलेला असतो, भिंती उतरत्या असतात. विजेच्या पेन्सिलीने लिहिलेला अंक म्हणजे वितळलेल्या ठिपक्यांची माळ. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ‘जुना नंबर’च वाटतात.

इथे माझी फजिती सांगतो. एका जर्मन ९८के रायफलीवर ‘बीवायएफ’ आणि खाली ४२ होतं, म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, साल १९४२. जर्मनांनी कारखान्यांची नावं लपवायला असे सांकेतिक कोड वापरले होते. शेजारी मात्र एक मोठी फुली. मी बेधडक नोंदवहीत लिहिलं: ‘तपासणीत बाद’. दोन महिन्यांनी बोल्ट पडद्यावर घेतला, तर त्यावरचा नंबर ठिपक्यांच्या माळेचा, आणि तो रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, नंबराशी तंतोतंत जुळणारा. बोल्टवर मूळचा ठोकलेला नंबर वेगळाच. मग उलगडा झाला. युद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती अशा रायफली ढिगाने लागल्या. कोठारांत त्या सुट्या केल्या, साफ केल्या आणि हाताला येतील त्या भागांतून पुन्हा जोडल्या, म्हणून बोल्टवर नवा नंबर. फुली ही जप्तीच्या मालाची खूण म्हणून ओळखली जाते. लाकडी कुंद्यावरची लालसर चकाकीही शेलॅकची (लाखेच्या रोगणाची), त्याच दुरुस्तीतली. नोंद खोडून पुन्हा लिहिली. ती खाडाखोड वहीत अजून दिसते.

मोसिन-नागां या रशियन रायफलींवर खुणांची जत्रा असते. बॅरलवर (नळीवर) इझेव्स्क कारखान्याचा त्रिकोण किंवा तुला कारखान्याचा तारा, सालापुढे रशियन ‘वर्ष’ या शब्दाचं आद्याक्षर. लाकूड उतरवलं की रिसीव्हरच्या शेपटीखाली भलतंच, कधीकधी झारच्या काळातलं साल. दोन्ही खरी असतात, रिसीव्हर जुना आणि बॅरल नवं. चौकटीत ‘एसए’ दिसलं की ती रायफल फिनलंडच्या सैन्याकडे होती. नेमकी ही चौकट आमच्या एका नगावर अर्धवट उमटलेली होती आणि मी ती कारागिराची खूण समजून बसलो होतो. आडव्या उजेडात उरलेली बाजू दिसली.

ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलींना मायक्रोस्कोप फारसा लागत नाही. कुंद्याच्या मानेजवळ पट्टीवर मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल, सगळं ठसठशीत. बंगालमधल्या ईशापूर कारखान्याच्या रायफलींवर ‘जीआरआय’, म्हणजे राजा जॉर्जची अक्षरं, त्यातला शेवटचा ‘आय’ सम्राटपदाचा. स्वातंत्र्यानंतर त्या जागी अशोकाचे सिंह आले. ब्रिटिश सरकारी मालाचा बाण सगळीकडे असतो, पण टोकाला टोक भिडवलेले दोन बाण दिसले की माल सेवेतून काढून विकला. ‘सी’मध्ये बाण असेल तर कॅनडा, ‘यू’मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका.

सगळ्यात आनंद झाला तो नेपाळच्या गहेंद्र रायफलीने. दिसायला मार्टिनी या जुन्या ब्रिटिश रायफलीसारखी, आतली रचना वेगळी, नाव जनरल गहेंद्र शमशेर यांचं. तिच्यावर चक्क देवनागरी. इतके दिवस परक्या लिप्यांशी झटापट, आणि इथे आपसूक वाचता येतंय! तरी अडखळलोच, कारण नेपाळी वळणाचे ५, ८ आणि ९ आपल्या छापील अंकांपेक्षा वेगळे असतात. साल विक्रम संवताचं, त्यातून ५७ (वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ५६) वजा करायचे. अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर एका वेळी अर्धंच मावायचं. यंत्र बाजूला ठेवून सरळ डोळ्यांनी वाचलं.

आता तक्रारी. भिंगाभोवतीची धातूची कड उघडी आहे. एका बॅरलच्या निळसर झिलईवर तिने केसाएवढा चरा पाडला, तेव्हापासून कडेवर कापडी चिकटपट्टी आहे. पाचव्या महिन्यात वायर मुळाशी सैल झाली, चित्र मध्येच जातं. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. स्टँड दहा मिनिटांत हळूहळू खाली झुकतो, म्हणून त्याच्या जागी पुस्तकांची चळत वापरतो. बॅरलच्या गोलाईवरचा लांब ठसा एका चौकटीत कधीच स्पष्ट येत नाही. तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. तो कागद नोंदवहीत चिकटवता येतो, हा वर फायदा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी टॉर्च घ्यायला सांगेन, मग दहापट भिंग, आणि नंबरांचा वहीम आला तरच हे यंत्र. घेताना एलईडी पूर्ण बंद होतात का एवढं जरूर बघा. काहींमध्ये चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी मिणमिणता उजेड राहतो.