वाय, डब्ल्यू की व्ही? ऑडी टीटीला नवे टायर घालताना

"रस्त्यावर शंभरची मर्यादा, मग तीनशेच्या टायरला पैसे कशाला घालायचे?" हा प्रश्न टायरच्या दुकानात हमखास निघतो, आणि तो काही अडाणी प्रश्न नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मोटारींना 100, घाटात 60, समृद्धीवर 120. त्यापलीकडे कायद्याने जाताच येत नाही. तरीही सेकंडहँड टीटी दारात उभी केली असेल, तर टायरच्या कडेवरचं ते शेवटचं अक्षर गंभीरपणे घ्या.

मी इथे 2015 मध्ये आपल्याकडे आलेली टीटी 45 टीएफएसआय क्वाट्रो धरतोय, 245/40 आर 18 93 वाय या मापाच्या टायरवरची. यातला 93 म्हणजे एका टायरवर 650 किलो. वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटर. त्याखाली डब्ल्यू 270, व्ही 240 आणि एच 210. (एच हा यू आणि व्हीच्या मध्ये बसतो, एबीसीडीच्या क्रमाला न जुमानता. तसाच चालत आलाय.) मापात 'झेडआर' दिसलं तर भुलू नका. त्याचा अर्थ फक्त 240 च्या वर, एवढाच. खरी मर्यादा शेवटचं अक्षर सांगतं.

व्ही आधी निकालात काढू, कारण दुकानदार स्वस्तातला म्हणून तोच पुढे करतो. या गाडीचा कमाल वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने 250 वर रोखलेला आहे. टायर 240 चा. म्हणजे गाडी टायरच्या पुढे पळणार. शिवाय व्ही टायरची भार पेलायची ताकद 210 नंतर उतरू लागते आणि 240 ला 91 टक्क्यांवर येते. "पण साहेब, इथे कुठे 250 ने पळवणार?" बरोबर, नाही पळवणार. पण हे अक्षर मिळतं ते ड्रमवरच्या सुमारे तासाभराच्या परीक्षेत. तिथे भार घातलेला टायर टप्प्याटप्प्याने वाढत्या वेगाने फिरवतात. त्यात कसोटी लागते ती टायर उष्णता किती सोसतो याची. वरच्या अक्षराच्या टायरमध्ये पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा आणखी एक थर आवळलेला असतो. वेगात रबर बाहेर फेकलं जाऊ नये, म्हणून. मे महिन्यात समृद्धीचं काँक्रीट तापलेलं, गाडीत सामान, हवा थोडी कमी, आणि सलग दोन तास 120: अशा वेळी कड सारखी दबते-उठते आणि टायर आतून तापत जातो. तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडते. मात्र हवा 24 पीएसआयवर आली असेल, तर वाय असूनही टायर फुटू शकतो.

खरी निवड वाय आणि डब्ल्यू यांच्यातच आहे. याच मापात मिशलिन पायलट स्पोर्ट 4 हा 97 वाय आहे, योकोहामा ॲडव्हान फ्लेवा 97 डब्ल्यू. 250 च्या गाडीला 270 चा टायर हिशोबाने पुरतो. वाय 50 ची मोकळीक देतो, डब्ल्यू 20 ची. ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल मात्र दोन्ही अक्षरं मूग गिळून बसतात. जुलैत ताम्हिणीत उतरताना युरोपियन लेबलवरचा ओल्या पकडीचा दर्जा मला वायपेक्षा जास्त कामाचा वाटतो. नक्षी किती उरलीय तेही. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, पण पावसाळ्याच्या तोंडावर 3 च्या खाली गेलेला टायर मी ठेवणार नाही.

माझा कौल असा: चारही ताजे मिळत असतील तर वाय. पण जून 2020 पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे अशा मापाचा माल दुकानात पडून राहिलेला असू शकतो. वाय तीन-चार वर्षं जुना निघाला आणि डब्ल्यू या वर्षीचा असेल, तर मी डब्ल्यू घेईन. फक्त गाडीच्या पुस्तिकेत तो चालतो का, ते आधी पाहीन.

दोन्हींवर 97 आहे, 93 नाही. हे एक्सएल, म्हणजे जास्त भाराचे टायर. 97 म्हणजे 730 किलो, पण ते 42 पीएसआयला. 36 ला तो जवळजवळ 93 इतकाच भार उचलतो. म्हणजे जुन्या 93 पेक्षा कमी हवेवर चालेल, या समजात राहू नका. गाडीवरच्या स्टिकरचा आकडा पाळा, आणि हवा टायर थंड असताना मोजा.

दोन आत्ता, दोन दिवाळीला, असंही करू नका. क्वाट्रोत चारही चाकं एकमेकांशी जोडलेली असतात. नवे-झिजलेले मिसळले की घेरातला फरक गिअरच्या यंत्रणेवर येतो.

आणि एक. टायर बनवल्याच्या तारखेचे चार आकडे, म्हणजे 1425 असेल तर 2025 चा चौदावा आठवडा, बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. पायलट स्पोर्ट 4 सारख्या टायरची बाहेरची बाजू ठरलेली असते, त्यामुळे तारीख आत गेली की ती वाचायला गाडी रॅम्पवर चढवावी लागते. रिमवर चढवण्याआधी चारही टायर जमिनीवर आडवे ठेवायला सांगा आणि स्वतः वाचा.