बाळाची मेटाबॉलिक स्क्रीनिंग टेस्ट: टेस्ट भारी, रिपोर्ट द्यायची पद्धत भंगार

(ही टेस्ट म्हणजे नवजात बाळाच्या टाचेतून थोडं रक्त घेऊन काही जन्मजात आजारांची चाळणी.) लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण टेस्टबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार आहे ती रिपोर्ट ज्या पद्धतीने आमच्या अंगावर टाकला त्याची.

सॅम्पलचं काम एकदम झकास. तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, टाच आधी कोमट कपड्याने शेकली, एकाच टोच्यात फिल्टर पेपरवरचे सगळे गोल भरले. पहिल्याच दिवशी का नाही घेतलं विचारलं तर म्हणाल्या, जन्मल्या जन्मल्या टीएसएच (थायरॉइडसाठी बघतात ते हार्मोन) तसंही उसळलेलं असतं आणि पोटात दूध गेल्याशिवाय काही आजार पकडताच येत नाहीत, म्हणून निदान २४ तास थांबायचं.

मग एका रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ. पानंच्या पानं नुसते आकडे, सगळं काळ्यात आणि मधेच दोन ओळी लाल, सी३ (चयापचयात तयार होणारा एक पदार्थ) वाढलेला आणि सी३/सी२ रेशो (सी२ या दुसऱ्या पदार्थाशी त्याचं प्रमाण) पण वाढलेला, खाली 'आपल्या डॉक्टरांना भेटा'. बास, एवढंच. आता रात्री अकराला माणूस काय करणार, गुगलच करणार ना, आणि गुगलने पहिल्या झटक्यात प्रोपिऑनिक ॲसिडेमिया आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया, म्हणजे शरीरात ॲसिड साचणारे गंभीर जन्मजात आजार, समोर आणून ठेवले. रात्रभर आम्ही दोघं बाळाला हलवून हलवून बघत बसलो, ते बिचारं झोपेतून उठून वैतागत होतं.

सकाळी फोन केला तर डेस्कवरचा मुलगा म्हणे घाबरू नका मॅडम, बऱ्याचदा खोटंच निघतं. हे तर मला जास्त खटकलं. स्क्रीनिंगमध्ये खोटे पॉझिटिव्ह बरेच निघतात हे खरंय, कारण खरा आजार सुटू नये म्हणून कटऑफच सैल ठेवलेला असतो, पण आमचं खोटं आहे हे त्याला कुठून कळलं?

तिसऱ्यांदा फोन केल्यावर त्यांच्या जेनेटिक काउन्सेलरशी बोलणं झालं आणि खरं सांगते, हा रिव्ह्यू मी तिच्यासाठीच लिहितेय. आकड्यांबद्दल बोलायच्या आधी तिने बाळ कसंय ते विचारलं. दूध ओढत नाहीये का, उलट्या, सुस्ती, जोरजोरात श्वास, फिट? यातलं काहीही असेल तर पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा, तिथे अमोनिया, शुगर, लॅक्टेट आणि ब्लड गॅस लगेच बघतील. मग विचारलं, बाळ वेळेआधी झालंय का, सलाईनमधून पोषण दिलं होतं का, अँटिबायोटिक, रक्त चढवलंय का. प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं. कमी दिवसांच्या बाळाचं १७-ओएचपी (ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारासाठी बघतात ते हार्मोन) आजार नसताना वाढलेलं दिसतं, सलाईनच्या पोषणाने अमिनो ॲसिड चढतात, काही ठरावीक अँटिबायोटिकने सी५ (सी३ सारखाच आणखी एक पदार्थ) वाढतो, आणि रक्त दिलेलं असेल तर गॅलॅक्टोसेमिया (दुधातली एक साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असूनही लपू शकतो.

आमच्यात यातलं काहीच नव्हतं. मग म्हणाली, "ताई, तुमचं स्वतःचं बी१२ कधी तपासलंय?" म्हटलं टेस्ट बाळाची आणि चौकशी माझी! तर झालं असं की सी३ ज्या वाटेने शरीरात पुढे सरकतो त्या वाटेवरच्या एका एन्झाइमला बी१२ लागतं, आईकडे ते कमी असेल तर बाळ कमी साठा घेऊनच जन्माला येतं आणि सी३ तुंबतो. पण आजारातही तोच आकडा वाढतो, म्हणून नुसत्या सी३ वर काही ठरवायचं नाही. बाळाच्या लघवीचं ऑर्गॅनिक ॲसिड, रक्तातलं होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की वाढणारं एक अमिनो ॲसिड) आणि माझं नि बाळाचं बी१२, एवढं लगेच करायला सांगितलं.

(लघवी गोळा करायची ती चिकट पिशवी ज्याने बनवली त्याने एकदा स्वतः वापरून बघावी. तीन पिशव्या गळल्या.)

निकाल असा की बाळाच्या लघवीत मिथाइलमॅलोनिक ॲसिड थोडं जास्त, होमोसिस्टीन जास्त, माझं बी१२ १३८, जिथे खालची मर्यादाच २०० होती, आणि बाळाचंही कमी. तरी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विषय तिथे बंद केला नाही, कारण बी१२ नीट वापरता न येण्याचा एक जन्मजात आजार असतो आणि त्यातही हे दोन्ही वाढतात. दोघांना बी१२ ची इंजेक्शनं दिली आणि काही आठवड्यांनी सगळं परत तपासलं. सी३ नॉर्मल, होमोसिस्टीन नॉर्मल, लघवी साफ. अजून एकदा तपासायचंय, औषध थांबवल्यावर आकडे खालीच राहतात का बघायला.

टेस्टला पाच स्टार, काउन्सेलरला पाच, रिपोर्ट पाठवणाऱ्याला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून. तुम्ही बुक करणार असाल तर आधीच विचारून ठेवा की काही वाढलेलं निघालं तर फोन कोण करणार आणि रिपोर्टच्या आधी करणार की नंतर. आमचा दुसरा रिपोर्ट पण रात्रीच आला, फक्त यावेळी माझा फोन मी नवऱ्याकडे देऊन झोपले होते.